घटका भरली कोणाची?

'घटका भरली' हा आपल्या भाषेतला मोठा भयंकर शब्दप्रयोग आहे. पण त्याचे मूळ पाहू गेले तर ते अगदी घरगुती आहे. पाण्याच्या घंगाळात तांब्याची एक लहान वाटी तरंगत ठेवायची. तिच्या बुडाला बारीक छिद्र. त्या छिद्रातून पाणी चढत चढत चोवीस मिनिटांनी वाटी भरली आणि बुडाली, की एक घटका झाली. लग्नमंडपात अशा घटिकापात्राकडे डोळे लावून बसलेले जोशीबुवा पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली असतील. भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका मात्र अजून पुष्कळांना ठाऊक आहे. ती पात्रात वाकून पाहू लागली, तिच्या अलंकारातला एक मोती आत पडला, छिद्र बुजले, पाणी चढेना, आणि मुहूर्त टळून गेला. एवढ्याशा मोत्याने केवढा अनर्थ!

आपल्या घरातल्या संगणकाच्या पोटातही असेच एक घटिकापात्र आहे आणि त्याचा अनर्थकारी मोतीही आहे. तो म्हणजे नाण्याएवढी एक चकचकीत चकती. ती संपली की संगणक काळ विसरतो, भलतेसलते बोलू लागतो, आणि मालक कपाळाला हात लावून म्हणतो, "याची घटका भरली!" वास्तविक घटका भरलेली असते ती चकतीची. संगणक बापडा धडधाकट असतो.

मराठीच्या मास्तराला हा उपद्व्याप कोणी सांगितला, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर आमच्या भिवंडीत आहे. हे यंत्रमागांचे गाव. इथे शेटजींचे हिशेब संगणकावर, विद्यार्थ्यांचे अर्ज संगणकावर, माझ्या प्रश्नपत्रिकाही संगणकावरच. गेल्या काही वर्षांत "सर, कॉम्प्युटर गेला" म्हणून जी मंडळी माझ्याकडे आली, त्यांतल्या अनेकांचे यंत्र शाबूत होते. गेली होती ती बॅटरी. मागावर काम करणाऱ्याच्या घरी नवा संगणक म्हणजे कित्येक महिन्यांची बचत. ती चाळीस-पन्नास रुपयांच्या चकतीपायी खर्ची पडू नये, आणि उलटपक्षी जी बॅटरी खरोखर धोक्याची झाली आहे ती कोणी उशाशी घेऊन निजू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या गावात 'तीन बत्ती' नावाची बाजाराची जागा आहे. संगणकाच्या घरातही बत्त्या तीनच असतात. एक ती चकती, दुसरी लॅपटॉपची आणि तिसरी यूपीएसच्या डब्यातली. तिघींचा स्वभाव वेगळा, आयुष्य वेगळे आणि मरणही वेगळे.

तोफांची रांग आणि एक चकती

'बॅटरी' हा शब्द मुळात युद्धातला. तोफांच्या रांगेला इंग्रजीत बॅटरी म्हणत. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ च्या सुमारास वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या रांगेने जोडल्या आणि त्या रांगेला तेच नाव दिले. पुढे १८०० साली इटलीच्या व्होल्टाने तांबे अथवा चांदी आणि जस्त यांच्या चकत्यांची उतरंड रचून अखंड वीज वाहवली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत सेलला 'विद्युतघट' म्हणतात. घट, घटिका, घटस्थापना ही सारी एकाच मडक्याची लेकरे आहेत. गंमत एवढीच, की इथे घट रिकामा झाला म्हणजे घटका भरते.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पीसी विकायला काढला, तेव्हा त्याला स्वतःची कालगणना नव्हती. सुरू केला की तो आधी मालकालाच विचारी, आज तारीख काय आणि वाजले किती? १९८४ च्या 'एटी' नावाच्या नमुन्यात घड्याळ आले आणि त्या घड्याळाला जागे ठेवायला बॅटरी आली. घड्याळाचे काळीज म्हणजे गारेचा एक चिमुकला स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. तोच एक सेकंदाचा ठोका.

हा ठोका रात्रंदिवस चालू ठेवण्याचे काम त्या चकतीचे. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत संगणक बंद असला तरी घड्याळाला थोडी वीज मिळत राहते आणि चकती विसावा घेते. पण रात्री निजताना बटण बंद करणे हा आपल्या घरांतला संस्कार आहे, आणि वळवाच्या विजांच्या दिवसांत तर ते शहाणपणच आहे. बटण बंद झाले की चकतीचा पहारा सुरू होतो. तीन ते पाच वर्षे ती हा पहारा इमानाने करते, कधी त्याहूनही अधिक. मग एके दिवशी थकते.

एका अर्जाची कथा

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत रडवेली होऊन आली. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करणारे. घरात एकच चांगला मोबाइल, तो त्यांच्याजवळ. थोरल्या भावाने हप्त्याने घेतलेला जुना संगणक हाच घराचा आधार.

"सर, शिष्यवृत्तीच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख आहे, आणि साईटच उघडत नाही. सुरक्षित नाही म्हणते."

"एकच साईट, की सगळ्याच?"

"सगळ्याच. दुकानात नेला होता. मदरबोर्ड गेला म्हणाले. साडेचार हजार सांगितले."

"अगं, पण त्यात तारीख कोणती दिसते?"

तिने तारखेकडे पाहिलेच नव्हते. सायंकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून तिचा आवाज आला, "सर, एक जानेवारी दोन हजार दहा! मी तेव्हा पहिलीत होते!"

रोग कळला. प्रत्येक विश्वासू संकेतस्थळाजवळ आपल्या खरेपणाचा एक दाखला असतो आणि त्या दाखल्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तिचा संगणक २०१० सालात उभा राहून तो दाखला पाहत होता. त्याच्या हिशेबाने दाखला अजून जन्मलाच नव्हता. मग तो कसा विश्वास ठेवणार? मी तिला पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर जाऊन तारीख हाताने बसवायला सांगितले. दोन मिनिटांत साईट उघडली. रात्री अकराच्या सुमारास अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी चाळीस रुपयांची चकती बसली. तो मदरबोर्ड आजही चालू आहे.

दुकानदाराने लबाडी केली की त्याला ठाऊकच नव्हते, या वादात मी पडत नाही. तारीख पाहण्याचा एक प्रश्न साडेचार हजारांचा होता, एवढेच ध्यानात ठेवावे.

चकतीचे निदान आणि बदल

संगणक बटण बंद करून ठेवला की दर वेळी तारीख मागे जाते, सुरू होताना काळ्या पडद्यावर 'सीमॉस' शब्द असलेली तक्रार येते, 'एफ-१ दाबा' म्हणून तो अडून बसतो. ही लक्षणे चकतीचीच समजावीत. इंटरनेट लागल्यावर घड्याळ पुष्कळदा आपोआप सुधारते आणि रोग झाकला जातो. तेव्हा इंटरनेट न जोडता पाहावे. उलट, घड्याळ नेहमी ठरावीक तासांनीच चुकत असेल आणि मिनिटांची गती बरोबर असेल, तर दोष चकतीचा नव्हे. कोणीतरी भारताऐवजी परदेशाची वेळ निवडली आहे. आणि संगणक मुळीच हूं की चूं करत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर आधी प्लग, वायर आणि यूपीएस तपासावे. त्या दुखण्यात चकतीचा हात क्वचितच असतो.

चकतीच्या पाठीवर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. हे कोडे सोपे आहे. 'सी' म्हणजे लिथियमची जात, 'आर' म्हणजे गोल, २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दुकानदार '२०२५' पुढे करून "हीच चालते" म्हणाला तर घेऊ नये. ती पातळ असते आणि खाचेत सैल बसते. 'एलआयआर' अक्षरांची चकती पुन्हा चार्ज होणारी, तिचा दाब निराळा, तीही नको. मल्टिमीटर असेल तर मोजावे. ताजी चकती तीन व्होल्टांहून थोडे अधिक दाखवते. पावणेतीनच्या खाली गेलेली काढून टाकावी.

बदलण्याचा विधी असा. सुरुवातीच्या मांडणीच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. संगणक रीतसर बंद करावा, प्लग भिंतीतून काढावा, आणि मग सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे. आत उरलीसुरली वीज निघून जाते. ज्या पेटीला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो तिची बाजूची पत्री उघडावी. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. चकती कोणती बाजू वर करून बसली आहे हे पाहून ठेवावे. बहुधा अधिक चिन्हाचीच असते. कडेची पट्टी नखाने हळूच बाजूला सारली की चकती स्वतःच उसळते. नवी कडेने धरावी, लोखंडी चिमट्याने नव्हे. मग संगणक सुरू करून तारीख, वेळ आणि गरज पडल्यास फोटोंवरून मांडणी पूर्ववत करावी. चहा निवायच्या आत काम होते. लॅपटॉपमध्ये मात्र ही चकती कधी वायरीला जोडून वेष्टनात गुंडाळलेली असते, कधी नसतेच. तिथे जाणत्या माणसाचा हात हवा.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची. काढलेली चकती टेबलावर ठेवू नका. दिवाळीत घर मुलांनी भरलेले असते आणि ही चकती त्यांना गोळीसारखी दिसते. गिळलेली चकती अन्ननलिकेत अडकली, तर तेथील ओलाव्याने वीज वाहू लागते, दाहक अल्कली तयार होते, आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. जुनी, संपलेली चकतीसुद्धा ही हानी करू शकते. असे झाल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये; तडक रुग्णालय गाठावे आणि 'बटण सेल गिळला' असे स्पष्ट सांगावे.

लॅपटॉपचे फुगणे

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टरचे सेल संपले की आई ते गच्चीवर उन्हात ठेवी, आणि खरोखर आणखी एखाददुसरा दिवस बातम्या ऐकू येत. घराघरांतले हे शहाणपण लॅपटॉपला मात्र लावू नये. त्यातली बॅटरी लिथियम-आयनची. १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली आणि तिच्या जनकांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीचा वैरी म्हणजे उष्णता. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम करणे म्हणजे तिला रोज थोडे थोडे भाजणे होय.

साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद चांगलीच उतरते. किती उतरली हे दुकानदाराला विचारण्याची गरज नाही. विंडोजच्या काळ्या आज्ञा-खिडकीत 'पॉवरसीएफजी' हा शब्द इंग्रजीत लिहावा, एक जागा सोडून तिरपी रेघ द्यावी आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' लिहावे. संगणक एक अहवाल काढून देतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे जन्माच्या वेळची ताकद, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. आजची ताकद निम्म्यावर आली असेल तर नवी घ्यायला हरकत नाही. तीस टक्के दाखवत असताना यंत्र एकदम मिटले, तर तोही म्हातारपणाचाच पुरावा. पण ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबत असेल तर घाबरू नये. आयुष्य वाढावे म्हणून काही कंपन्या तशी सोय मुद्दाम ठेवतात. बदलताना जुन्या बॅटरीवरचा क्रमांक आणि व्होल्ट तंतोतंत जुळवावेत. स्वस्तातली निनावी बॅटरी घेऊ नये.

आणि ती फुगली तर? लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागतो, झाकण नीट मिटत नाही, बोटे फिरवण्याची पाटी वर उचलली जाते. बॅटरीच्या आत वायू धरल्याची ही खूण आहे. मग 'आजचे काम उरकू आणि उद्या बघू' हा विचार करू नये. यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, फुगवटा दाबू नये, टोचू तर मुळीच नये. कपडे, कागद, गादी यांपासून दूर, फरशीवर ठेवून दुरुस्तीकेंद्राला कळवावे. दाबल्याने किंवा टोचल्याने ती पेट घेऊ शकते.

माग थांबतात तेव्हा

भिवंडीत वीज गेल्याचे आधी कानाला कळते. चोवीस तास चाललेली मागांची खटखट एकाएकी थांबते आणि त्या शांततेने माणूस दचकतो. इथल्या वीजवितरणाचे काम २००७ च्या जानेवारीत फ्रँचायझी पद्धतीने टोरेंट पॉवरकडे गेले. शहरातले वितरण असे खाजगी कंपनीकडे सोपवण्याचा तो देशातला पहिला प्रयोग म्हणून गाजला. त्याआधीची भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली, त्यांच्या घरी यूपीएसचा डबा आला तो आजतागायत टेबलाखाली आहे. कित्येकांच्या घरी मात्र तो शोभेचाच राहिला आहे, कारण आतली बॅटरी केव्हाच मेली.

ही शिशाची बॅटरी. तिचे कुळ १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते याने स्थापिले. घरगुती डब्यात बहुधा बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची असते. बारा साते चौऱ्यांशी वॅट-तास. १२० वॅट खाणारा संगणक कागदावर बेचाळीस मिनिटे चालायला हवा; पण घाईघाईने उपसल्यावर विहीरसुद्धा पुरे पाणी देत नाही. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेळही मिळाला तरी समाधान मानावे. हा वेळ लिहिलेले जपून ठेवण्यासाठी आहे, सिनेमा पाहण्यासाठी नव्हे.

आमच्या कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात तिचे आयुष्य दोन-तीन वर्षे. वीज जाताच डबाही त्याच क्षणी डोळे मिटतो, अखंड पीं-पीं करतो, किंवा बॅटरीच्या भिंती फुगलेल्या दिसतात. ही तिची लक्षणे. परीक्षा घ्यायची तर संगणक न जोडता यूपीएसला टेबलावरचा साधा दिवा लावावा आणि भिंतीचे बटण बंद करावे. दिवा लगेच विझला तर निकाल लागला. मे महिन्यात गावी जाताना डबा महिनाभर तसाच पडू देणे हेही तिला मानवत नाही. शिशाची बॅटरी रिकामी राहिली की तिच्या पाट्यांवर पुटे चढतात आणि ती पुन्हा पुरती उठत नाही.

बॅटरीसाठी वेगळे दार असलेला डबा घरी उघडता येतो. प्लग काढून, डबा बंद करून, आधी काळी वायर सोडवावी, मग तांबडी. जोडताना आधी तांबडीला तांबडी, मग काळीला काळी. पाना दोन्ही टोकांना एकाच वेळी लागू देऊ नये. वेगळे दार नसेल तर मात्र डबा उघडण्याच्या भानगडीत पडू नये. आतल्या भागांत प्लग काढल्यावरही वीज दबा धरून असते.

उत्तरकार्य

मेलेल्या बॅटरीचे उत्तरकार्य नीट करणे हा या सगळ्यातला आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भाग. शिशाची जुनी बॅटरी विक्रेता नवीच्या किमतीतून वजावट देऊन घेतो, त्यालाच द्यावी. कुठल्यातरी बोळात भट्टीवर शिसे वितळवणाऱ्यांच्या हाती ती पडली, तर धूर त्यांच्याच पोरांच्या रक्तात जातो. लिथियमची बॅटरी घंटागाडीत टाकली तर कचऱ्यात दाबली जाऊन पेट घेऊ शकते. टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. बॅटरीवर फुली मारलेली कचरापेटी छापलेली असते, तिचा अर्थ हाच. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा परत देताना विक्रेत्यापुढे संकोच करण्याचे कारण नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे खाली येतातच. त्यांबरोबर टेबलाखालचा डबाही एकदा बाहेर ओढावा, लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे, आणि संगणकाचे घड्याळ पंचांगाशी ताडून बघावे. नवी बॅटरी बसवली की तिच्या पाठीवर महिना आणि साल लिहिलेली चिठ्ठी डकवावी. पुढच्या वेळी कोणी साडेचार हजारांचा आकडा सांगू लागला, तर आधी ती चिठ्ठी वाचावी आणि मगच पाकिटाला हात घालावा.